गणपतीच्या रजेचा कागद

३१ जुलै, गुरुवार

अमेरिकेने आपल्या मालावर पंचवीस टक्के कर लावला. सकाळपासून टीव्हीवर तेच. शीतलने, माझ्या सुनेने, कांदा चिरता चिरता आवाज वाढवला. सुबोध उठला आणि टीव्ही बंद केला. भाकरी अर्धी टाकून कामाला गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण ताटात टाकलं की मला कळतं.

हात धुताना एवढंच म्हणाला, "आये, आमचा सगळा माल तिकडेच जातो."

सुबोध सीप्झमध्ये, परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यात, अंगठीत हिरे बसवतो. बावीस वर्षं. भिंगातून बघून बघून डोळे गेले. ती अंगठी कोणत्या बाईच्या बोटात जाते ते कधी बघितलं नाही. डिसेंबरात त्यांचा नाताळ, म्हणून आपल्याकडे ऑगस्टात ओव्हरटाइम — एवढीच ओळख.

हे मनातलं सांगणार कोणाला? म्हणून ही वही. ऋतिकाची, कॉलेजची. मागची पानं कोरी होती.

१ ऑगस्ट

ऋतिकाला विचारलं, कर भरणार कोण? नात माझी, वीस वर्षांची. कॉलेजातल्या वाचन मंडळात जाते. तिथं सगळी लाल पुस्तकं.

म्हणाली, "भरणार तिकडचं गिऱ्हाईक. पण ते घेणारच नाही. मग सेठ माल काढणार नाही. मग बाबा घरी. आजी, नफा होतो तेव्हा तो सेठचा असतो, आणि नुकसान झालं की सगळ्यांचं होतं. यालाच भांडवलशाही म्हणतात."

मी म्हटलं, एवढ्यासाठी कॉलेजात घातली होय तुला? तुझा आजा हे चाळीतल्या संडासाच्या रांगेत फुकट सांगायचा.

मग मागे लागली, वहीवर आजोबांचं पूर्ण नाव लिही. मी नाही लिहिलं. नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही, तर लिहायचं कुठून? "आजी, सोळा वर्षं झाली त्यांना जाऊन." झाली. म्हणून काय नाव घ्यायची मोकळीक मिळते?

४ ऑगस्ट

मी चौथी शिकले ती अमेरिकेच्या कृपेने. हे सांगितलं तर ऋतिकाचा विश्वास बसेना. कुडाळच्या बाजूला आमची शाळा. दुपारी पावडरीचं दूध कालवून द्यायचे. गुरुजी सांगायचे, अमेरिकेतून येतं. बापाने मला त्या दुधासाठी शाळेत घातली. घरची एक वेळ वाचायची. चौथीत असताना दूध बंद झालं. दुसऱ्या दिवशी बापाने पाटी काढून घेतली, हातात विळा दिला.

हे म्हणायचे, "अगो, अमेरिका म्हंजे मोठो शेट. तेचा दूध पण नको आणि तेचो राग पण नको."

दूध मी प्यायले. आता राग आलाय.

७ ऑगस्ट

आणखी पंचवीस. म्हणजे पन्नास. सत्तावीस तारखेपासून लागू. त्याच दिवशी गणेश चतुर्थी. मुहूर्त बघूनच बसलेत.

का तर म्हणे आपण रशियाचं तेल घेतो. चंपाला फोन लावला. माझी मावसबहीण, हिची झोपडी पाडून हिला माहुलच्या बिल्डिंगीत नेऊन टाकलंय, रिफायनरीच्या पायथ्याला. म्हटलं, काय गं, तुमच्याकडे रशियाचं तेल आलंय म्हणे. म्हणाली, "इकडे नुसता वास येतो बाय. कुठल्या देशाचा ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं."

ऋतिका सांगत होती, अमेरिकावाले एकीकडे रशियाशी लढायला बॉम्ब देतात तेच, आणि दुसरीकडे लढाई थांबत नाही म्हणून दंड लावतात तेही तेच. मला आमच्या जुन्या चाळीतला दादा आठवला. भांडण लावायचा तोच आणि मिटवायला चहापाणी घ्यायचा तोच.

तेल ज्यांनी विकलं, ज्यांनी घेतलं, त्यांच्या चुली पेटतायत. सुबोधने जन्मात रशियाचं काय घेतलं? लहानपणी एक चित्रांचं पुस्तक. ह्यांनी युनियनच्या हापिसातून आणलेलं. त्याचा दंड आता भरायचा काय?

१२ ऑगस्ट

ओव्हरटाइम बंद. रात्रपाळी बंद. सेठ दुबईला जाऊन आला. तिथून माल पाठवला तर कर कमी लागतो असं मार्तंड म्हणाला. मार्तंड म्हणजे सुबोधचा सुपरवायझर, देवगडचा, आपल्यातलाच. सेठ काय, पन्नास टक्के लागले की विमानात बसतो. सुबोध कशात बसणार?

संध्याकाळी सुबोध खाटेवर बसला होता. हात मांडीवर उलटे टाकलेले, तळवे वर. गिरणी गेल्यावर हे असेच बसायचे.

१३ ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं. राहिलं काय, लिहवेना.

ब्याऐंशीचा संप. सात महिने झालेले. हे गणपतीला गावी गेले. सुबोधला गोवर, म्हणून आम्ही दोघं चाळीतच राहिलो. हे परत आले तर गिरणीच्या गेटवर यादी लागलेली — संप सोडून कामावर यायला कोण कोण तयार आहे त्यांची. यादीत ह्यांचं नाव. खाली कागदावर सही. हे ओरडून सांगत होते, "माझी सही न्हय ती." कोणी ऐकलं नाही. लाल बावट्याचा माणूस, मोर्चात पुढे चालणारा, आणि फितूर ठरला. आमच्या घरचं पाणी प्यायची बंद झाली माणसं. गिरणी काही उघडली नाही. कामही गेलं, नावही गेलं. पुढे सत्तावीस वर्षं वॉचमनची नोकरी केली, जुन्या गिरणीवाल्यांपैकी कोणी समोरून आलं की रस्ता बदलायचे.

सुबोध हे ऐकून वाढला. सगळ्यांना सांगतो, सेठने बाबांची खोटी सही केली.

तो सांगायला लागला की मी उठून भांडी घासायला घेते.

१८ ऑगस्ट

पाऊस. चार दिवस कपडे वाळत नाहीत. बाकी काही नाही. काही नाही याचीच भीती वाटते.

२० ऑगस्ट, बुधवार

सुबोध आज हसत आला. किती दिवसांनी! सेठने कोकणातल्या सगळ्यांना गणपतीची रजा दिली. पाच नाही, पंधरा दिवस. आठ सप्टेंबरला हजर व्हायचं. फॉर्म घरी दिलाय. गावचा पत्ता, गावचा फोन, घरातल्या एका माणसाची सही आणि खाली आपली. शुक्रवारी द्यायचा.

शीतल तर लगेच बॅग काढायला गेली. "आई, यंदा गौरी करून येऊ."

मी फॉर्म हातात घेतला. तीन कागद, पिन मारलेले. वरचा मराठीत, रजेचा अर्ज. खालचे दोन इंग्रजीत. तिन्हींवर सहीची रेघ.

म्हटलं, ऋतिकाला वाचू दे. सुबोध म्हणाला, "तिला दिला तर ती मोर्चा काढील. आये, गणपतीची रजा आहे, जमिनीचं खरेदीखत नाही." शीतल म्हणाली, "आई, तुमचं आपलं काहीतरीच."

अगं, गिरणीचा मालक गणपतीला एक दिवस देताना दहा वेळा रडायचा. हा पंधरा देतो? आणि मागितले नसताना? आपल्या माणसाला गणपती दाखवला की तो कशावरही सही करतो. हे सेठलोकांना आपल्या आधी कळलंय.

पण बोलू कशी? कागदाची एवढी भीती का, असं सुबोधने विचारलं तर?

२१ ऑगस्ट

सुबोध आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीतून तो फॉर्म काढला. दुमडून या वहीत ठेवलाय. वही माझ्या गादीखाली.

अक्षर बघा कसं आलंय.

२२ ऑगस्ट

घर उलटंपालटं केलं. शीतलने तांदळाचा डबा ओतला. सुबोध म्हणाला, "आये, तू बघितलास?" मी म्हटलं, माझे डोळे कुठले, मला मीठ आणि साखर कळत नाही. खोटं बोलायला मला कधी त्रास झाला नाही. आज झाला.

मार्तंडकडे दुसरा फॉर्म मागितला. मिळाला नाही. मोजूनच छापलेत म्हणे. फॉर्म नाही तर रजा नाही.

४८ वर्षांत सुबोधचा फक्त एक गणपती चुकला होता, तो गोवराचा. हा दुसरा. दोन्ही वेळा माझा हात कागदाला लागला.

२४ ऑगस्ट, रविवार

एकेचाळीस माणसं गेली. तीन बसगाड्या खाली रस्त्यावरूनच सुटल्या. मार्तंड वर आला होता, टोपी घालून, गळ्यात ढोलकी. "काय मावशी, तुमच्या पोराने फॉर्म हरवला! आता देवाला काय तोंड दाखवणार?" म्हटलं, देवाला सगळं दिसतं, तोंड दाखवावं लागत नाही. हसला. मला म्हणाला, "प्रसाद आणतो." भला माणूस आहे. त्यानेही सही केलीय.

सुबोध गॅलरीतून बसगाड्या बघत राहिला. मी त्याच्या पाठीकडे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सुबोध दुपारीच घरी आला. मॅनेजरने बोलावून विचारलं, "तू फॉर्म का दिला नाहीस? अजून दे, मी घेतो." सुबोध म्हणाला, साहेब, आता गावी जाऊन काय करू, मी कामावर येतो. तर मॅनेजर चिडला.

कामाला येतो म्हणणाऱ्यावर चिडायचं कारण काय? आणि सगळे निघून गेल्यावर रजेचा अर्ज कशाला हवा?

ऋतिका कॉलेजातून आली. तिला आतल्या खोलीत नेलं, वहीतून कागद काढून दिला. तिने पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला खाली बसली.

"आजी, हा राजीनामा आहे. एकतीस ऑगस्टपासून. स्वखुशीने. काही येणं बाकी नाही असंही लिहिलंय."

सुबोधला हाक मारली. त्याने कागद बघितला, मग माझ्याकडे. रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं.

ऋतिका म्हणाली, "तुला इंग्रजी येत नाही. तुला कसं कळलं?"

म्हटलं, वास आला.

आता बसून विचार करते. हा कागद मी एकवीस तारखेला हिच्या हातात दिला असता तर एकेचाळीस माणसं वाचली असती. मी माझा एक उचलला आणि गादीखाली ठेवला. बाकीच्यांच्या आया काय मेल्या होत्या?

२७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

अमेरिकेचा कर लागू झाला. आमच्या घरी मोदक केले, कोणी खाल्ले नाहीत.

सुबोधला मार्तंडचा फोन लागला. मागे आरती चाललेली. "मार्तंड, तो फॉर्म वाचला होतास का? तिसरा कागद राजीनामा आहे." पलीकडे हसला. "गणपती हुकलो म्हणून जळतंस काय रे?" आणि फोन दुसऱ्याकडे दिला. तोही हसला.

२८ ऑगस्ट

ऋतिका बापाशी भांडतेय. एकतीसच्या आत लिहून दिलं तर राजीनामा मागे घेता येतो म्हणते. "बाबा, कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार?"

सुबोध नाही म्हणाला. फोटो टाकला तर फॉर्म हरवला नव्हता हे कळेल. मग कोणी ठेवला होता हे विचारतील. तो माझ्याकडे बघत नव्हता, पण नाही म्हणाला तो माझ्यासाठी. मला कळलं.

मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

३१ ऑगस्ट

गेली तारीख.

८ सप्टेंबर, सोमवार

आज सगळे कामावर गेले. गेटवर पंचिंगचं कार्ड लागेना. शिपायाने यादी दाखवली — राजीनामा दिलेली माणसं. एकेचाळीस. तीच यादी, तोच गेट. फक्त गिरणी नाही आणि मी म्हातारी झालेय.

मॅनेजर आतून सांगतो, सगळं अमेरिकेमुळे झालं, कंपनी काय करणार. ऋतिका म्हणाली, "अमेरिकेने कर लावला, आजी. पिन कोणी मारली?" या पोरीला नोकरी कोण देणार देव जाणे, पण बोलली ते खरं.

९ सप्टेंबर

संध्याकाळी सात-आठ जण दारात आले. मार्तंड पुढे. प्रसादाचा पुडा आणला होता, तो त्याने दाराच्या बाहेर जिन्यावर ठेवला. आत नाही दिला.

"सुबोध, बेचाळीस फॉर्म दिले. एकेचाळीसांनी सही केली. तू एकटा आत. सत्तावीसला तुला तिसऱ्या कागदात काय आहे ते पाठ होतं. कसं?"

सुबोध जिन्यावरच्या पुड्याकडे बघत राहिला.

"फॉर्म हरवला होता ना तुझा? मग वाचलास कुठून? सेठने सांगितलं तुला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बापावर गेलाय." हळू म्हणालं, पण जिन्यात घुमतं.

शीतल रडायला लागली. सुबोधने दार लावून घेतलं आणि खाटेवर बसला. हात मांडीवर, तळवे वर. एकदाही म्हणाला नाही, माझ्या आयशीने लपवला.

आज सांजवात लावताना मला पहिल्यांदाच वाटलं — ह्यांनाही माहीत असेल का? माझी सही न्हय, म्हणून दोन दिवस ओरडले. तिसऱ्या दिवशी घरी आले, चूल पेटलेली बघितली, डब्यात तांदूळ बघितले, माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ओरडले नाहीत. कधीच.

ऋतिका म्हणते, लेबर हापिसात तक्रार करायची तर पुरावा लागेल. तिन्ही कागद एका पिनेत होते, वर रजेचा अर्ज होता, हे दाखवायला एक तरी कोरा फॉर्म हवा. एकेचाळीस सेठच्या कपाटात. बेचाळिसावा या वहीत.

१० सप्टेंबर, बुधवार

सुबोध आंघोळीला गेलाय. ही वही आणि आतला फॉर्म त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. एकवीस तारखेचं पान दुमडलंय. सुबोध, ते गेटवर मार्तंडला मोठ्याने वाचून दाखव. मी येते मागून. मला विचारू देत काय ते.

आणि हे तू एकटा वाच. ब्याऐंशीच्या गणपतीत गिरणीचा कारकून कागद घेऊन चाळीत आला होता. दहा किलो तांदूळ दारात ठेवले. तू तापाने फणफणलेला. चौथी शिकलेली बाई, ह्यांची सही बघून बघून पाठ होती. सेठने नाही रे केली खोटी सही.

तुझ्या बापाचं नाव मी जन्मात दोनदा लिहिलं. एकदा त्या कागदावर. दुसऱ्यांदा इथे.

काशीराम धोंडिराम तोरसकर. फितूर नव्हता.